ई-रीडरवर आठ महिने: ‘झोंबी’, ‘नटरंग’ आणि आईचे शब्द

गेल्या जूनमध्ये सहा इंची पडद्याचा ई-रीडर घेतला तेव्हा तो मी केवळ स्वतःसाठी घेत होते. आमच्या घरात छापील पुस्तकांचीच सवय आहे. करवीर नगर वाचन मंदिर ही कोल्हापुरातली १८५० पासूनची संस्था, आणि वडिलांच्या काळापासून तिची वर्गणी आम्ही कधी चुकवलेली नाही. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही आईला बारीक अक्षर लागेनासे झाले होते, आणि आठ महिन्यांच्या वापरानंतर मला खात्रीने सांगता येते की या यंत्राचा सर्वांत मोठा लाभ तिला झाला.

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा रेषेकडे सरकू लागली की घरात सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे लागते आणि विजेचाही भरवसा राहत नाही. अशा रात्री आईला झोप येत नाही. ई-रीडरचा पडदा कागदासारखा दिसतो, डोळ्यांवर मोबाईलसारखा प्रकाश मारत नाही आणि कडेच्या मंद दिव्यांमुळे अंधारातही वाचता येतो, म्हणून जुलैतल्या एका रात्री मी तिच्या उशाशी बसून आनंद यादव यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली. रोज तास-दीड तास वाचूनही एकदा चार्ज केलेले यंत्र जवळजवळ तीन आठवडे चालले, याचे त्या दिवसांत फार मोल वाटले.

‘झोंबी’ १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे मला महाविद्यालयापासून ठाऊक होते. पुस्तक मात्र मी तेव्हा परीक्षेपुरतेच वाचले होते. शाळेत जाण्यासाठी धडपडणारा मुलगा आणि त्याला शेतातल्या कामाला जुंपू पाहणारा बाप यांच्यातली ती ओढाताण कागलच्या बोलीत ऐकताना आईला कोणत्याही प्रस्तावनेची गरज पडली नाही, कारण तिचे माहेर कागल तालुक्यातलेच आहे. शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ दाखवण्याची सोय यंत्रात आहे, पण माझ्या यंत्रात मराठी शब्दकोश नाही. ते काम आईने केले. मोटेचा, म्हणजे बैलांकरवी विहिरीतले पाणी उपसण्याच्या कातडी पिशवीचा, विषय निघाला तेव्हा तिने मला थांबवले आणि पांघरुणावर बोटाने विहीर, बैलांची धाव आणि पाट काढून दाखवला. “ह्ये थारोळं. मोटंचं पाणी हितं पडतंय आन् मग पाटाला लागतंय,” ती म्हणाली. मोटेच्या दोरांपैकी नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, हेही तिने दोन्ही हातांनी ओढून दाखवले. तिच्या तोंडून हे शब्द मी तोवर कधीच ऐकले नव्हते. लग्न होऊन शहरात आल्यावर ते वापरण्याचे तिला कारणच उरले नव्हते.

यंत्राचे दोष सांगितलेच पाहिजेत, कारण ते मराठी वाचकालाच अधिक भोवतात. विकत घेतलेल्या एका मराठी पुस्तकात रफार सर्वत्र पुढच्या अक्षरानंतर जाऊन पडला होता, म्हणजे ‘गर्दी’चे ‘गदीर्’ आणि ‘मर्जी’चे ‘मजीर्’. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अशी चूक होते आणि ती छापील मुद्रितांसारखी कोणी तपासलेली नसते, याचा मला मनापासून राग आला. विक्रेत्याकडे दोनदा तक्रार करूनही दुरुस्त प्रत मिळाली नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफ पुस्तकांसाठी तर हे यंत्र घेऊच नये. पानाचे चित्र तेवढे मोठे होते, ओळी नव्याने जुळत नाहीत, आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते.

दिवाळीनंतर आम्ही यादवांचीच ‘नटरंग’ वाचली आणि ती संपल्यावर रवी जाधव यांचा २०१० चा चित्रपट टीव्हीवर पाहिला. पिळदार शरीराचा, राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा गुणा तमाशाचा फड उभा राहावा म्हणून स्वतः नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारे पात्र, होतो. अतुल कुलकर्णी यांनी हा बदल खांदे, मान आणि चाल यांतून इतका उतरवला आहे की त्या प्रसंगांना संवादांची गरज भासत नाही. अजय-अतुल यांचे संगीत मला अतिशय आवडते. तरीही ढोलकी सुरू झाली की प्रेक्षक काही काळ गुणाचा अपमान विसरतो, आणि कादंबरी वाचताना तसा विसावा मला मिळाला नव्हता. त्या अस्वस्थतेसाठी मी कादंबरीलाच अधिक मानते.

आईचे लक्ष मात्र वेगळ्याच जागी अडकले. विहिरीवर पंप बसतो आणि मजुरांचे काम जाते, तो भाग येताच तिने मला आवाज कमी करायला सांगितले. तिच्या माहेरीही पंप आल्यावर मोट थांबली होती; कातड्याची ती मोट पुढे कित्येक वर्षे गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती आणि तिच्या वडिलांनी ती कोणाला काढू दिली नव्हती. चित्रपट संपल्यावर तिने ई-रीडर मागितला आणि ‘झोंबी’तले मोटेचे पान पुन्हा काढायला लावले. अक्षर सर्वांत मोठे केल्यावर पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावतात. त्या तिने बोट ठेवून स्वतः वाचल्या, आणि पान उलटण्यासाठी कुठे स्पर्श करायचा, ते मला विचारले.