एफी ब्रीस्ट : चार तारे

थिओडोर फोंटानेची ही १८९५ सालची कादंबरी मी खिशात मावणाऱ्या स्वस्त जर्मन आवृत्तीत वाचली. अक्षर मुंगीएवढं, पण लोकलमध्ये उभ्याने एका हातात धरता येते, म्हणून तक्रार नाही. जर्मन भाषेची बी-टू (मध्यम-वरची) पातळी झालेल्यांनी बिनधास्त घ्यावी. सुरुवातीची पानं मात्र रेटावी लागतात.

१७ वर्षांची एफी, नवरा इनस्टेटन ३८ चा, आणि तोही एके काळी तिच्या आईवर जीव लावून बसलेला! पुढे एफीचं दुसऱ्याशी लफडं होतंच, पण फोंटाने ते पडद्याआडच ठेवतो. नवरा आणि प्रियकराचं द्वंद्वयुद्धही चार ओळींत उरकतो. प्रियकराची पत्रं नवऱ्याला सापडतात ती कशी, तर एफीची मुलगी पडून कपाळाला खोक पडते आणि पट्टी शोधायला एफीचं शिवणाचं टेबल फोडतात. प्रकरण सहा वर्षांहून जुनं. इनस्टेटनला धड रागही येत नाही, सूडही नको असतो. पण मित्राला सांगून बसला, आता माघार कशी घेणार? २७व्या प्रकरणातल्या त्या संवादासाठी तरी पुस्तक घ्याच. ‘लोक काय म्हणतील’चं इतकं थंड डोक्याने केलेलं शवविच्छेदन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

चिनी माणसाच्या भुताची भानगड मला जरा ताणल्यासारखी वाटली. एक तारा त्याचा कापला.