गाडीत सीडी की पेनड्राइव्ह?

मावसभावाने गेल्या महिन्यात २०१२ सालची हॅचबॅक घेतली, सेकंडहँड. टायर, क्लच, इन्शुरन्स सगळं बघून झाल्यावर त्याने डेककडे बोट दाखवलं. "दादा, यात सीडीची फट आहे आणि यूएसबीपण. बाबांच्या दीडेकशे सीड्या कपाटात पडून आहेत. त्या गाडीत आणू, की सगळं पेनड्राइव्हवर टाकू?"

मी म्हटलं, गाडीत पेनड्राइव्ह, आणि सीड्या कपाटातच राहू देत. त्याला वाटलं मी आवाजाच्या दर्जाबद्दल बोलतोय. तर तसं नाही. दर्जा हा या भांडणातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा मुद्दा आहे.

कागदावर सीडी जिंकते, यात वाद नाही. ऑडिओ सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते; चांगल्यातल्या चांगल्या एमपी३त ३२०, म्हणजे पावपटीहून कमी. एमपी३ बनवताना कानाला सहसा जाणवणार नाही एवढा भाग गाळून टाकतात. घरी, शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर कुणाला फरक कळत असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण गाडी म्हणजे खोली नव्हे. एसीचा पंखा, इंजिन, आणि एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर टायरची ती अखंड घरघर. ऐंशीच्या वेगाला आलापातला तंबोरा तसाही ऐकू येत नाही, मग तो सीडीतून येवो नाहीतर फाईलमधून. गाडी सोसायटीत उभी करून, इंजिन बंद ठेवून मी एकच अभंग तीन प्रकारांनी ऐकला आहे. १२८ किलोबिटवर टाळांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, ते लगेच कळतं. ३२० आणि मूळ सीडी यांत मला तरी फरक सांगता आला नाही.

एक गैरसमज मात्र अजून भेटतो. मोबाईलवर आलेली गाणी सीडीवर उतरवली की ती 'सीडी क्वालिटी' होतात म्हणे. चरकातून निघालेल्या उसाचा पुन्हा ऊस होत नाही. जे एकदा गाळलं ते गेलं.

आता माझी फजिती. जुन्या गाडीत मी घरी राईट केलेली एक सीडी लावायचो. वरून हौसेने छापील कागदी लेबल चिकटवलं होतं. मे महिन्यात दापोलीला निघालो. ताम्हिणीच्या अलीकडे चहाला थांबलो, गाडी तासभर उन्हात. परत येऊन सीडी बाहेर काढायचं बटण दाबलं तर आतून नुसता कुरकुर आवाज. उष्णतेने लेबलची कड सुटली होती आणि सीडी आतल्या रबरी रोलरला धरून बसली होती. चिमटा, पट्टी, सगळं करून झालं. शेवटी मेकॅनिकने डेक उघडला तेव्हा ती निघाली, लेबल सोलून. फटीतून आत ओढून घेणाऱ्या प्लेयरमध्ये लेबलवाली सीडी कधीही घालू नका; आठ सेंटिमीटरची छोटी सीडी तर नाहीच नाही.

आपल्याकडच्या उन्हात सीडीचं जमत नाही, हे खरं दुखणं. दुकानातल्या सीडीवर माहितीचे बारीक खड्डे साच्यातून दाबून उठवलेले असतात, ती पुष्कळ टिकते. घरी राईट केलेल्या सीडीत मात्र सगळी माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन व उष्णता नेमकी त्यावरच उठते. सनव्हायझरच्या कप्प्यात खोचलेली अशी सीडी दोन उन्हाळ्यांत अडखळायला लागली तर नवल नाही. त्यात रस्ते. डेकमध्ये थोडंसं गाणं आधीच वाचून ठेवायची सोय असते, त्यामुळे एखादा खड्डा पचतो; पण लागोपाठ खड्ड्यांचे दोन किलोमीटर कुठल्याच डेकला पचत नाहीत. आणि लेन्सवर धूळ बसते ती वेगळीच.

जागेचा हिशोब तर एकतर्फीच आहे. एका ऑडिओ सीडीत साधारण ८० मिनिटंच. ३२० किलोबिटने तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोनशे तासांहून जास्त गाणी. अख्खं कपाट मावतं.

पण पेनड्राइव्ह लावला की सुखच सुख, असंही नाही. त्या काळातले बरेच डेक फक्त फॅट३२ हा जुना फॉरमॅट वाचतात, आणि मोठे पेनड्राइव्ह सहसा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात, म्हणून ३२ जीबीपेक्षा मोठा घेऊच नका. फ्लॅक फाईल म्हणाल तर तिच्यात काहीच गाळलेलं नसतं, पण जुना डेक ती बहुधा ओळखत नाही. गाण्याचं नाव देवनागरीत दिलं की पडद्यावर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं उमटतात. कित्येक डेक नावाच्या क्रमाने न वाजवता फाईल ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे नाटकाचा तिसरा अंक पहिल्याआधी येतो. उपाय साधा आहे: नाव रोमन लिपीत, पुढे दोन आकडी नंबर, आणि फोल्डर एकेक करून ओळीने कॉपी करायचे. मॅकवरून कॉपी केलं तर त्याच्या लपलेल्या फाईलही सोबत येतात आणि डेक त्याच वाजवायच्या नादात अडतो. शिवाय काही डेक गाडी बंद केली की कुठवर आलो होतो ते विसरतात. आमच्याकडे एक गाणं असं आहे की ज्याची सुरुवात घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि शेवट कुणीच ऐकलेला नाही.

पेनड्राइव्ह नखाएवढा, बसका घ्या. लांबडा असला की गिअर टाकताना हात लागतो आणि पोर्टच ढिलं होतं.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक बारीक पण मोठी अडचण आहे. सीडीवर आलाप, विलंबित, द्रुत असे वेगळे ट्रॅक असले तरी वाजताना ते सलग वाजतात. एमपी३ ठरावीक तुकड्यांत भरावी लागते, त्यामुळे फाईलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटतेच, शिवाय डेकला पुढची फाईल उघडायला वेळ लागतो. मैफल चढत असताना समेच्या तोंडाशी कुणीतरी दार आपटल्यासारखं होतं. यावर माझा इलाज म्हणजे अख्ख्या रागाची एकच फाईल करणं. मग थेट द्रुतवर उडी मारता येत नाही, पण मला ते चालतं.

सीडीच्या डबीतला कागद ही दुसरी गोष्ट. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कुठल्या साली झाली, हे सगळं त्यावर असतं. फाईल करताना ते सहसा गळतं. मी त्या कागदांचे मोबाईलने फोटो काढून त्या-त्या फोल्डरमध्ये टाकले आहेत, घरच्या कॉम्प्युटरवर.

मोबाईलवर ऑनलाइन ऐकायचा पर्याय शहरात ठीक आहे. घाटात रेंज गेली की गाणं अर्धवट तुटतं.

मग गाडीत सीडी कुणी ठेवावी? डेकला यूएसबीच नसेल त्याने. पण त्यानेही आधी डेकच्या तोंडावर 'एमपी३' लिहिलंय का बघावं. असेल तर एकाच सीडीवर डेटा म्हणून १२८ किलोबिटची अकरा-बारा तासांची गाणी मावतात, १९२ची साताठ तास. आणि आजोबांना गाडीतून न्यायचं असेल, त्यांना फोल्डरच्या भानगडी नको असतील, तर त्यांच्या दोन-तीन आवडत्या सीड्या बरोबर घ्याव्यात. फक्त गाडीतून उतरताना त्या पिशवीत घालून वर न्याव्यात.

भावाने कॉम्प्युटरला लावायचा सीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणलाय. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. घरी ठेवायची प्रत फ्लॅकमध्ये कर आणि गाडीसाठी तिच्यावरूनच एमपी३ बनव, म्हणजे पुन्हा सीडी काढायला नको. आणि सुरुवात घरी राईट केलेल्या सीड्यांपासून कर, दुकानातल्या थांबतील. घरी राईट केलेल्यांतल्या तीन आताच वाचल्या जात नाहीयेत.