वॉकर देण्याआधी मनगट मोजतात: पुण्यातल्या एका चर्चच्या रुग्णसाहित्य केंद्राविषयी

रुग्णसाहित्य वापरायला देणारी ठिकाणं पुण्यात कमी नाहीत. चार फोन केले की व्हीलचेअर मिळते. ती पेशंटच्या मापाची आहे का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. शहराच्या पूर्व भागात एका मराठी ख्रिस्ती मंडळीने चर्चच्या आवारात चालवलेलं केंद्र विचारतं, म्हणून हे लिहिणं. केंद्राचं नाव दिलेलं नाही, कारण चालवणाऱ्यांनाच ते नको आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं सांगणं ते जरा जास्तच शब्दशः घेतात. नाना पेठ, कॅम्प, घोरपडी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती ओळखीच्या माणसाला विचारलं की पत्ता लागतो. ज्याची अशी ओळखच नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर केंद्राकडे नाही.

जागा म्हणजे रविवार शाळेची जुनी खोली. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी ५ ते ७, आणि रविवारी उपासना सुटल्यावर तासभर. टेबलावर तीन वस्तू कायम असतात: जाड रजिस्टर, शिंप्याची टेप आणि सायकलचा हातपंप. टेप आधी बाहेर निघते, रजिस्टर नंतर.

वॉकरसाठी पेशंटने सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतची उंची मोजायची. वॉकरची मूठ तिथे यायला हवी. मग मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं, १५ ते ३० अंश. मूठ उंच झाली तर खांदे कानाला टेकतात आणि हातांवर भार घेता येत नाही. खाली राहिली तर माणूस वाकून चालतो, तोल पुढे जातो. पेशंट येऊ शकत नसेल तर नातेवाइकाने माप घेऊन यायचं, तेही घरात जी चप्पल घालून चालणार ती घालूनच, हे फोनवर बजावून सांगतात. नंतर चारही पायांची बटणं एकाच नंबरच्या भोकात ‘टक्’ करून बसली का ते बघतात. तीन पाय बरोबर आणि चौथा एक भोक खाली, ही चूक नजरेला दिसत नाही. वॉकर डुगडुगला की कळते, पण तोवर पेशंटने त्यावर भार टाकलेला असतो.

पायाखालच्या रबरात इथे बोट घालून तपासतात. आत धातूची चकती असते. ती नसली तर ॲल्युमिनियमचा पाइप रबर कापत खाली उतरतो आणि एक दिवस ओल्या फरशीवर नुसता पाइप टेकतो. दोन कप चहाच्या किमतीची ही वस्तू, पण खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. रॅकवर पाटी आहे: ‘काठी परत करताना रबर घरी ठेवून घेऊ नये.’ चर्च असलं तरी पाटी पुण्याचीच!

व्हीलचेअरचा हिशेब थोडा वेगळा. नेहमीची खुर्ची १८ इंची सीटची असते. बसल्यावर कमरेची जी रुंदी भरेल त्यात दोन इंच मिळवायचे, तेवढी सीट हवी. बारीक अंगाच्या आजींना १८ इंचीत बसवलं की त्या एका कडेला कलतात. उशा कोंबून तात्पुरतं भागतं, पण सगळा भार एकाच बाजूला येऊन कातडी लाल व्हायला लागते. गुडघ्यामागे सीटची कड आणि पोटरी यांच्यात दोन इंच मोकळे राहायला हवेत. हे सगळं जमलं तरी बाथरूम उरतंच. १८ इंची सीटची खुर्ची चाकांसकट २५-२६ इंच भरते आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार त्याहून अरुंद असतं. म्हणून फॉर्मवर ‘दरवाजाची मोकळी रुंदी’ असा रकाना आहे. दार पूर्ण उघडायचं आणि चौकटीच्या आतल्या कडेपासून उघड्या दाराच्या फळीपर्यंत मोजायचं. माप कमी भरलं तर छोट्या चाकांची कमोड चेअर जोडीला देतात.

हातपंप कशासाठी, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हवेच्या टायरच्या खुर्चीचा ब्रेक टायरलाच दाबून धरतो. हवा उतरली की टायर आत बसतो आणि ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. नेमका पेशंट उठताना सरकते. दर आठवड्याला अंगठ्याने टायर दाबून बघा, उठण्याआधी पावठे, म्हणजे पाय टेकवायच्या पट्ट्या, वर घ्या, एवढं देताना सांगतात आणि एकदा करूनही घेतात.

हँडल फिरवून वर-खाली करायच्या हॉस्पिटलच्या खाटाही आहेत. दोन हँडलचे फाउलर बेड फक्त दोन, एक हँडल पाठीसाठी, दुसरं गुडघ्यासाठी. नुसती पाठ उचलणारे, एका हँडलचे सेमी-फाउलर तीन. घरी सगळे एकच चूक करतात: जेवताना नुसती पाठ उचलतात. पेशंट घसरत पायथ्याकडे जातो, कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. माकडहाडाजवळच्या जखमा बऱ्याचदा अशा सुरू होतात. आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचलायचा, मग पाठ. जेवण झाल्यावर थोड्या वेळाने पाठ ३० अंशांच्या आत उतरवायची.

एअर बेडच्या बाबतीत मात्र केंद्र कमी पडतं. वस्तू चांगली आहे: फुग्यांची गादी, ठरावीक मिनिटांनी आलटून पालटून भरणारी, पंप पायथ्याशी लटकवायचा. पण सोबतची झेरॉक्स बारीक अक्षरातली, चौदा कलमांची, आणि ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हे अकरावं कलम! ते पहिलं हवं, तेही जाड अक्षरात. एअर बेड आला की घरचे निर्धास्त होतात, कूस बदलणं थांबतं आणि जखम गादीवरच होते. बाकीची कलमं ठीक आहेत. गादी नेहमीच्या गादीवर अंथरायची, लोखंडी जाळीवर नाही. वर एकच चादर, तीही सैल. रबर शीट, त्यावर घडी घातलेलं चादरीचं जाड आच्छादन, त्यावर टॉवेल असे थर चढवले की हवेचा उपयोग संपला. हवा पुरेशी आहे का बघायला पेशंटच्या माकडहाडाच्या बरोबर खाली गादीखालून हात सरकवायचा. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. मध्ये इंचभर जाडी लागली पाहिजे. वीज गेली की गादी हळूहळू बसते, तेव्हा इन्व्हर्टर कुठल्या प्लगला आहे ते आधीच पाहून ठेवावं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इथून घ्यायचा असेल तर सावध राहा. कोविडनंतर बरीच यंत्रं दानात आली आणि रॅकवर बसून आहेत. हवेतला नायट्रोजन अडवणारी आतली झिओलाइट या खनिजाची चाळणी ओलावाही ओढून घेते. यंत्र पावसाळाभर बंद पडून राहिलं तर चालू केल्यावर हवा येते, आवाज येतो, ऑक्सिजनचं प्रमाण मात्र घसरलेलं असू शकतं. ते ९० ते ९६ टक्क्यांच्या दरम्यान असायला हवं, आणि मोजायला ॲनालायझर लागतो. केंद्राकडे तो नाही. डॉक्टरची चिठ्ठी मागतात, फिल्टर धुऊन देतात, उदबत्ती-मेणबत्ती जवळ नको हेही सांगतात, पण मुख्य गोष्ट मोजतच नाहीत. जे मनगट मोजतात त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

याच्या मुळाशी एक भिडस्तपणा आहे. दिलेली वस्तू परत कशी पाठवायची, देणाऱ्याचं मन कसं मोडायचं, म्हणून जे येईल ते ठेवून घेतात. मागच्या पडवीत फोम निघालेल्या कुबड्या, तुटक्या पावठ्यांच्या खुर्च्या यांचा ढीग आहे. देणाऱ्यावरची ही माया घेणाऱ्याच्या अंगावर येते, कारण कामाचं साहित्य दुरुस्त करायचा वेळ ढीग आवरण्यात जातो. लाकडी कुबड्यांमध्ये ढेकूण निघण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

सफाई मात्र चोख. परत आलेली वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुतात. रक्त-लघवीचा डाग असेल तर पाच टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण लावून दहा मिनिटं ठेवतात, आणि मग साध्या पाण्याने पुसून काढतात. हे शेवटचं केलं नाही तर क्रोम गंजतो. एअर बेड सावलीत वाळवतात, उन्हात प्लास्टिक कडक होऊन शिवणीपाशी चिरतं. घडी न घालता गुंडाळून ठेवतात.

आता फॉर्म. पेशंटचं वजन, उंची, मजला, लिफ्ट आहे का, घरी उचलायला किती माणसं, एवढं विचारलं आहे. धर्म, जात, कुठल्या मंडळीचे, यांचा रकाना नाही. प्रार्थना हवी असेल तर पाळकसाहेबांचा नंबर पावतीच्या मागच्या बाजूला आहे. स्वतःहून कुणी विषय काढत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात ‘माझा शेजारी कोण?’ असं शास्त्र्याने विचारल्यावर येशूने उत्तरादाखल शोमरोन्याची गोष्ट सांगितली. यहुदी आणि शोमरोनी यांचं तेव्हा आपसात पटत नसे, आणि लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूपाशी नेमका शोमरोनीच थांबतो. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. प्रवचनं बहुधा इथवर येऊन थांबतात. गोष्ट दुसऱ्या दिवशीही चालू आहे. तो दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, रखवालदाराला देतो आणि जास्त लागलं तर परत येताना भरीन म्हणतो.

या केंद्राचा दुसरा दिवस म्हणजे आठव्या दिवशी येणारा फोन. रबरं बघितली का, गादीखाली हात घातला का, पाठीवर लाल डाग आहे का आणि बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडतो का. पांढरा पडत नसेल तर आजच नर्सला किंवा डॉक्टरला दाखवा, असं सांगतात. फोन दीड-दोन मिनिटांचा असतो. अशी विचारपूस करणारी केंद्रं फार नाहीत. सगळ्या सेवेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची, आणि झेरॉक्सची चूक थोडीफार सावरते तीही इथेच.

भाडं नाही. डिपॉझिट वॉकरला ३००, खुर्चीला १,५००, बेडला ३,०००. ज्याला जमत नाही त्याच्या पावतीवर त्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारतात. ‘माफ’ हा शब्द लिहीत नाहीत. परतीच्या रकान्याचंही तसंच. पेशंट बरा झाला असो वा गेला असो, नोंद एकच: ‘गरज संपली’. वस्तू घेऊन आलेल्या माणसाला काय झालं ते विचारत नाहीत. आधी खुर्ची पुढे करतात, चहा देतात, आणि तपासणी तो गेल्यावर होते. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांसकट बऱ्याच जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, आलं होतं. आता तिथून जवळच्याच भागात शुक्रवार-सदाशिव पेठेतली माणसं हा चहा पितात आणि साखर कमी घाला म्हणून सांगतात.

वेळेची अडचण मोठी आहे. हॉस्पिटल डिस्चार्ज देताना वार बघत नाही. सोमवारी घरी आलेल्या पेशंटला बुधवारची संध्याकाळ म्हणजे खूप लांब. पोचवायची सोयही नाही, टेम्पो आपला. बेड तीन भागांत सुटतो, दोन्ही टोकांच्या फळ्या आणि मधली चौकट. चौकट साडेसहा फुटी, जिन्याच्या वळणावर अडकते. वाड्यातल्या किंवा जुन्या सोसायटीतल्या लोकांनी न्यायच्या आधी वळण मोजावं. दोन माणसं आणि एक दोरी बरोबर ठेवावी.

नेताना आधारची झेरॉक्स, मापांची चिठ्ठी आणि कॉन्सन्ट्रेटर हवा असेल तर मिनिटाला किती लिटर तो आकडा लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी लागते. फाउलर बेडसाठी शनिवारी पाचच्या आधी पोचा, आणि दोन्ही हँडलं मोजून घ्या. एक बेड सध्या एकाच हँडलवर चालू आहे.