प्रश्नावली की गोष्ट, माणूस कशाने कळतो?
मला गोष्टच जवळची वाटते, पण आधी प्रश्नावलीचं सांगतो. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली, तिच्यात ९ प्रश्न, गेल्या २ आठवड्यांत झोप, भूक, मूड कसा होता, स्कोअर ० ते २७. पाच मिनिटांत होतं आणि कोणाला लवकर डॉक्टरकडे न्यायला हवं ते कळतं, हे गोष्टीने होत नाही.

दुसरीकडे डॅन मॅकअ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाची जीवनकथेची मुलाखत, आयुष्याची प्रकरणं पाडायची, सगळ्यात चांगला प्रसंग, सगळ्यात वाईट, वळण कुठे आलं ते सांगायचं. वेळ खूप जातो. आमच्या काकांची ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, पीएचक्यू-९ च्या फॉर्मवर त्यांनी सगळीकडे ‘अजिबात नाही’वर टिक केली. मग एकदा तलावपाळीला बसलो असताना मी सहज विचारलं की शेवटचा दिवस कसा होता, तर म्हणाले, "डबा तसाच घरी आणला, काकूला काही बोललोच नाही, पुढे तीन महिने रोज सातला डबा घेऊन निघायचो आणि इथेच बसायचो." हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

गोष्ट सांगताना माणूस थोडं जुळवून सांगतो, ते धरून चालायचं. पण पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर गोष्ट नंतर, आधी डॉक्टर.