ग्रेट डेन: कुत्रा झकास, शेपटीचं तेवढं बोला

गणपतीच्या चवथीसाठी रंगवलेली भिंत दसऱ्याच्या आत परत रंगवावी लागली, म्हणून हे लिहायला बसलोय. ओल आली नव्हती. शेपटी आली होती.

ग्रेट डेन केवढा होतो, किती खातो, हे घेण्याआधी सगळेच वाचतात. नराची उंची खांद्यापाशी निदान ८० सेंटीमीटर, आयुष्य फार तर ८ ते १० वर्षं, नाव डेन्मार्कचं पण जात जर्मनीची. शेपटीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. चाबकासारखी लांब, टोकाला नुसतं हाड आणि कातडं. आमच्या ग्रेट डेनला, बंड्याला, आनंद झाला की ती चौकटीवर, फ्रिजवर, खांबावर आपटते. टोक फुटतं आणि मग प्रत्येक हेलकाव्याला भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या पावसात पट्टी सुकतच नाही, आणि सुकलीच तर तो दातांनी ओढून काढतो. जखम जरा धरते न धरते तोच सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, उंड्याच्या (गोल पावाच्या) आशेनं शेपटी सुरू, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. समई तर आता टेबलावरच ठेवतो, तीही भिंतीच्या कडेला.

डॉक्टर म्हणाले, नाहीच भरली तर टोक कापावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकला आणि माझं डोकं चालायला लागलं. एसीच्या तांब्याच्या पाइपवर काळा फोम चढवतात ना, त्याचा उरलेला वीतभर तुकडा मेकॅनिककडून फुकट आणला. हवा खेळावी म्हणून भोकं पाडली. जखमेवर डॉक्टरांचं ड्रेसिंग, त्यावर हा फोम, आणि चिकटपट्टी वरच्या केसांवर, सैलसर. आवळलीत तर रक्त अडून शेपटीच सडेल. एवढ्यानं काम झालं, कापाकापी टळली.

बाकीची निगा जड नाही, एक गोष्ट सोडून. छाती खोल असल्यामुळे ह्यांच्या पोटात वायू भरून जठर पिळतं आणि काही तासांत कुत्रा जातो. म्हणून जेवण दोन-तीनदा थोडं थोडं, आणि जेवल्यावर तासभर धावपळ नाही. उमासे येतायत पण उलटी पडत नाही, पोट ताठ झालंय, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दार उघडणारा डॉक्टर कोण ते आधीच विचारून ठेवा. पिल्लाला हाडांसाठी म्हणून वरून कॅल्शियम पावडर चारू नका, मोठ्या जातीत त्यानं उलट हाडं-सांधे बिघडतात. गोचिडीचं औषध आमच्याकडे बारा महिने. लादीवर लोळून कोपरांना घट्टे पडतात, जुनी गादी टाका.

आता राखण. पहिला पावसाळाभर मी घरी म्हणत होतो, ह्यापेक्षा गेटचं कुलूप स्वस्त. नारळ पाडणारा पाडेली येवो, मीटर बघणारा येवो, हा अंगावर रेलून उभा. शेजारचा गावठी पान पडलं तरी भुंकतो, तोच खरा राखणदार वाटायचा. पण त्याच्या भुंकण्याला कोणी भीक घालत नाही. मग एका रात्री कुळागरात, म्हणजे आमच्या माडा-पोफळीच्या बागेत, कोणीतरी शिरलं. बंड्या एकदाच घुमला, घरातली भांडी थरथरली असतील. धावून वगैरे गेला नाही. अंगावर जाणारा कुत्रा हवा असेल तर हा घेऊच नका. पण तो माणूस हातातली टॉर्च टाकून पळाला. टॉर्च चांगली आहे, अजून तीच वापरतो.