पर्वरीच्या सिम्युलेटर सेंटरमधलं रात्रीच्या व्हिज्युअल अप्रोचचं सेशन, आवर्जून करा

गोव्यात राहून ज्याला विमानांची आवड आहे त्याने हे सेशन सोडू नये, एवढं आधीच सांगतो. पर्वरीला हायवेपासून थोडं आत आहे, बोइंग ७३७ चं कॉकपिट उभं केलंय, समोर वळलेला मोठा स्क्रीन, आणि शिकवणारे सर अगदी शांत माणूस, घाई नाही की ओरडणं नाही. मुलांसाठी जॉयराइडचं पॅकेज आहे ते ठीक, टेकऑफ करा, फोटो काढा, घरी जा. खरं मागायचं ते रात्रीच्या व्हिज्युअल अप्रोचचं, म्हणजे रनवे डोळ्यांनी बघत उतरण्याचं सेशन. त्यात सर तुम्हाला १२ जानेवारी २०१४ च्या रात्री अमेरिकेतल्या ब्रॅन्सनजवळ आकाशात नेऊन सोडतात.

ती घटना माहीत नसेल तर थोडक्यात, साउथवेस्टची फ्लाइट ४०१३, शिकागो मिडवेहून ब्रॅन्सनला, ७३७-७००, आत १२४ पॅसेंजर. हवा स्वच्छ, पायलटना बीकन (एअरपोर्टचा फिरता दिवा) आणि रनवेचे दिवे दिसले, एअरपोर्ट दिसला म्हणून त्यांनी कंट्रोलरला कळवलं, व्हिज्युअल अप्रोचची परवानगी मिळाली आणि विमान उतरलं ते भलत्याच एअरपोर्टवर. टेनी काउंटीमधला एम. ग्रॅहम क्लार्क डाउनटाउन एअरपोर्ट. ब्रॅन्सनचा रनवे ७,१४० फूट आणि हा ३,७३८, म्हणजे निम्म्यापेक्षा थोडा जास्त. जोरात ब्रेक मारून विमान थांबलं तेव्हा पुढे साधारण ३०० फूट रनवे उरला होता आणि त्यानंतर सरळ उतार. कुणाला काही झालं नाही हे नशीब.

माझा भाचा उडवत होता, मी बाजूच्या सीटवर. उत्तरेकडून येताना अंधारात पहिला बीकन दिसला आणि तो म्हणाला, मामा दिसला बघ, आणि लगेच वळवायला लागला. सर काहीच बोलले नाहीत. नॅव्हिगेशन डिस्प्लेवर ब्रॅन्सन अजून बरंच पुढे दिसत होतं, पण एकदा डोळ्याला रनवे सापडला की मान खाली जातच नाही, तीच गोष्ट या सेशनमध्ये अंगावर येते आणि वाचून ती कधीच कळली नसती.

नंतर सरांनी समजावलं ते ऐकण्यासारखं आहे. दोन्ही रनवेची दिशा जवळजवळ सारखी, एकाचा नंबर १४ आणि एकाचा १२ (कंपासवर साधारण १४० आणि १२० अंश), म्हणजे कंपास बघितला तरी फारसं खटकत नाही. अंधारात आजूबाजूला काही नसलं की रनवे किती लांब किती रुंद याचा अंदाज येत नाही, आखूड अरुंद रनवेसुद्धा लांबून मोठ्यासारखाच वाटतो. रनवेच्या बाजूला चार पापी लाइट असतात, दोन पांढरे दोन लाल दिसले म्हणजे उतरण्याचा कोन बरोबर, पण एअरपोर्ट कुठला हे ते थोडंच सांगणार, चुकीच्या रनवेच्या पापीवरही दोन पांढरे दोन लालच दिसतात! आणि रनवेवर रंगवलेला नंबर वाचता येतो तोवर तुम्ही जवळपास खाली आलेले असता.

मला सगळ्यात पटलेला मुद्दा म्हणजे फसवणारा एअरपोर्ट बहुतेक वेळा वाटेत आधी येणारा असतो. क्लार्क ब्रॅन्सनच्या उत्तरेला आणि विमान उत्तरेकडूनच आलेलं. त्याआधी नोव्हेंबर २०१३ मध्ये बोइंगचे सुटे भाग नेणारं ७४७ ड्रीमलिफ्टर रात्री विचिटाला मॅककॉनेल एअरबेसऐवजी जबारा एअरपोर्टवर उतरलं, तेही उत्तरेकडून येताना आधी लागणारं. आणि आपल्याकडचं, २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मुंबईत सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या रनवेवर उतरून रनवेच्या टोकापलीकडे निघून गेलं. ती घटना रात्रीची नव्हती, तरी समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं आणि दिशाही जवळपास तीच. ब्रॅन्सननंतर अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) शिफारस केली की वाटेत गोंधळ होईल असा दुसरा एअरपोर्ट असेल तर विमान तो ओलांडून जाईपर्यंत कंट्रोलरने लँडिंग क्लिअरन्स देऊ नये. किती साधा उपाय, आणि नेमका!

शेवटी सरांना विनंती केली तर गोवा पण लावतात, मुंबईकडून येताना दाबोळीला जायचं. भीती घालायला नाही, सरावासाठी. वाटेत मोपा, म्हणजे गोव्याचा उत्तरेकडचा दुसरा एअरपोर्ट; त्याचं पठार काळोखात, त्यात रनवे एकटा झगमगतो आणि तोच आधी येतो, उलट दाबोळीभोवती वास्को, चिखली, मुरगाव बंदर, जुवारीचा पूल असे इतके दिवे की रनवे शोधावा लागतो. दोन्ही रनवे साधारण पूर्व-पश्चिम. या वेळी भाच्याने आधी आयएलएसची (रेडिओ सिग्नलने रनवेची वाट दाखवणारी यंत्रणा) फ्रिक्वेन्सी लावली, अंतर मोठ्याने वाचत राहिला आणि मोपा बाजूला सोडून बरोबर दाबोळीला उतरला, मला फार बरं वाटलं. स्वच्छ हवेतही आयएलएस लावून ठेवा, दिसतंय म्हणून बंद करू नका, हे सर परत परत सांगतात आणि ते प्रत्येक शिकाऊ पायलटच्या डोक्यात बसायला पाहिजे.

तक्रारी आहेत. पैसे कमी नाहीत. पेडण्याकडच्या गावांचे दिवे स्क्रीनवर अगदी सारख्या अंतरावर मांडल्यासारखे दिसतात, खऱ्यात तसं नाही. पण मुख्य तक्रार म्हणजे वेळ संपली की पुढचं गिऱ्हाईक दारात उभं, मग नंतरची चर्चा अर्धवट तुटते, आणि या सेशनचा खरा जीव तर त्या चर्चेतच आहे, तिला वेगळा वेळ द्यायलाच हवा.

व्हॉट्सॅपवर बुकिंग घेतात. दिवसाचा शेवटचा स्लॉट मागा म्हणजे मागे कुणी नसतं आणि सर आरामात बोलतात, आणि ब्रॅन्सन व गोवा दोन्ही हवंय हे बुकिंगच्या वेळीच लिहा, तिथे पोचून सांगितलं तर लोड करण्यातच वेळ जातो.