तीव्रतादर्शक शब्दांच्या अभ्यासाला कोणतं भाषांतर घ्यावं: पेंटर, फेंटन की १६२०चं 'डेकॅमेरॉन'?

इटालियन कथा इंग्रजीत येताना 'फार', 'अतिशय' हा भाव दाखवायला 'व्हेरी', 'राइट', 'फुल', 'पासिंग', 'मार्व्हलस', 'एक्सीडिंग', 'मोस्ट' असे शब्द वापरले गेले. प्रबंधासाठी ते तपासायचे तर निवड मुख्यतः तीन गद्य पुस्तकांतून करावी लागते. विल्यम पेंटरचं 'पॅलेस ऑफ प्लेझर' (१५६६ आणि १५६७), जेफ्री फेंटनचं 'सर्टन ट्रॅजिकल डिस्कोर्सेस' (१५६७) आणि आयझॅक जॅगर्डने १६२०मध्ये छापलेलं 'डेकॅमेरॉन', म्हणजे बोकाच्चोच्या दहा दिवसांत विभागलेल्या शंभर इटालियन कथांचं भाषांतर. या तिसऱ्यावर भाषांतरकाराचं नाव नाही. जॉन फ्लोरिओचं नाव घेतात, पण प्रबंधात 'अनामिक' लिहिणंच बरं.

फेंटन आधीच बाजूला काढू. त्याच्या तेरा कथा इटालियन कथाकार बांदेल्लोच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्याने भाषांतर केलं ते बेलफोरे या फ्रेंच लेखकाच्या रूपांतरावरून. बेलफोरेने मूळ कथा भरपूर फुगवली आणि फेंटनने त्यात आपली प्रवचनं घातली. १५६७च्या नटव्या इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून तो उत्तम आहे. इटालियनमधली तीव्रता इंग्रजीत कशी उतरली हे पाहायला मात्र निरुपयोगी, कारण वाक्याला वाक्य जुळतच नाही.

खरी तुलना पेंटर आणि १६२०ची, कारण दोघांत काही कथा सामाईक आहेत. पेंटरच्या पहिल्या खंडातली अडतिसावी, जिलेत्ताची कथा म्हणजे बोकाच्चोच्या तिसऱ्या दिवसाची नववी. तिची सुरुवातच पाहा. बोकाच्चो काउंटच्या लहान मुलाला 'बेल्लिस्सिमो' म्हणतो, म्हणजे अतिशय देखणा. पेंटरकडे तो नुसताच 'फेअर' आहे आणि 'व्हेरी' जाऊन बसलंय 'यंग'च्या आधी. १६२०मध्येही 'व्हेरी यंग'च. देखणेपणासाठी 'फेअर', 'कम्ली' आणि वर 'प्लीझिंग पर्सन' अशी रांग. काउंटच्या तब्येतीचंही तसंच. बोकाच्चोला 'पोको सानो' (फारसा निरोगी नाही) एवढंच पुरतं. पेंटर दोन विशेषणं वापरतो, १६२०वाला तीन. 'मोस्ट' त्याने राखून ठेवलंय ते जिलेत्ताच्या निश्चयासाठी, 'मोस्ट ॲडमिरेबल' म्हणून.

म्हणजे नुसते तीव्रतादर्शक मोजले तर निम्मी गोष्ट हातातून निसटते. इटालियन '-इस्सिमो'च्या ('बेल्लिस्सिमो'तला 'अतिशय' दाखवणारा प्रत्यय) प्रत्येक जागी इंग्रजीत चारपैकी काय झालं ते नोंदवा: तीव्रतादर्शक आला, समानार्थी विशेषणांची जोडी आली, जोर दुसऱ्या शब्दावर सरकला, की काहीच आलं नाही. आणि दोन्ही भाषांतरांत एकच बदल दिसला तर लगेच 'इंग्रजीचा कल' म्हणू नका. दोघांच्याही हाताशी ल माँसाँने १५४५मध्ये केलेलं 'डेकॅमेरॉन'चं फ्रेंच भाषांतर होतं, त्यामुळे मूळ इटालियन आणि दोन इंग्रजी पाठांशेजारी तो स्तंभ तक्त्यात हवाच. १६२०साठी साल्व्हियातीची १५८२ची काटछाट केलेली इटालियन आवृत्तीही उघडी ठेवा. तिसऱ्या दिवसाची दहावी कथा मात्र वगळा. १६२०मध्ये तिच्या जागी वेगळीच कथा घातली आहे.

मजकूर कुठून घ्यायचा? पेंटर वाचायला जोसेफ जेकब्सने संपादित केलेले १८९०चे तीन खंड सोयीचे. मोजायला मात्र 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन' या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या संग्रहाचे टीसीपी पाठ (टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिपने टाइप केलेले, शोधता येणारे) घ्यावेत. पहिल्या टप्प्याचे २०१५पासून खुले आहेत. शोध घेताना फसगत होते ती स्पेलिंगमध्ये. 'व्हेरी'च्या शेवटी कधी वाय, कधी आय-ई, कधी वाय-ई. 'मार्व्हलस'मध्ये व्हीच्या जागी यू. आणि 'टू' (जास्तच) कधी एकाच ओने छापलेला, म्हणजे तो साध्या शब्दयोगी 'टू'च्या ढिगात लपतो. न वाचलेल्या अक्षराच्या जागी ठिपका असतो, तोही शोधात धरा.

यंत्राने मिळालेली यादी हाताने चाळल्याशिवाय आकडे देऊ नयेत. 'राइट'मधून उजवा हात, हक्क आणि 'राइट ऑनरेबल' काढायचे. 'पासिंग'मधून जाणं-येणं. 'फुल ऑफ' सरसकट बाहेर. 'व्हेरी' जेव्हा 'तोच', 'खराखुरा' या अर्थाने नामाला चिकटतो तेव्हा वेगळा मोजा. 'मोस्ट'मध्ये सर्वात जास्त डोकेदुखी: 'अ मोस्ट फेअर लेडी' घ्यायचं, 'द मोस्ट फेअर ऑफ ऑल' सोडायचं, आणि मधली संदिग्ध उदाहरणं तिसऱ्या खान्यात. उरलेले आकडे दर १०,००० शब्दांमागे काढा, कारण पुस्तकांची लांबी सारखी नाही.

वेळ एका सत्राचा असेल तर दोन्हीकडे असलेल्या जिलेत्ता आणि तांक्रेद-गिस्मोंदा (चौथा दिवस, पहिली) या दोनच कथा चार स्तंभांत मांडा. चोपन्न वर्षांतला बदल त्यात दिसतो. वर्षभर हातात असेल आणि प्रश्न भाषांतराचा नसून इंग्रजीचाच असेल, तर पेंटरचे दोन्ही खंड पूर्ण घ्या. दुसऱ्या खंडातल्या रोमिओ-ज्युलिएटसारख्या फ्रेंचमार्गे आलेल्या कथांवर मात्र वेगळी खूण करून ठेवा.